आधी रेटिक्युलोसाइट, मग औषधात बदल

मूत्रपिंड प्रत्यारोपणाला दोन-तीन महिने झालेत, क्रिएटिनिन चांगले आहे, रक्तस्राव कुठे दिसत नाही, आणि पाच आठवड्यांत हिमोग्लोबिन मात्र 11 वरून 8 वर आले. अशा वेळी आपली लेखणी ठरलेल्या वाटेने जाते: मायकोफेनोलेट कमी, व्हॅलगॅनसायक्लोव्हिर अर्धे, लोहाचे इंजेक्शन, एरिथ्रोपोएटिनचा वाढीव डोस, आणि तरीही भागले नाही तर रक्ताची पिशवी. यातले एकही पाऊल वेडेपणाचे नाही. युरोपातल्या 16 देशांतील चार हजारांहून अधिक प्रत्यारोपित रुग्णांच्या पाहणीत 38.6 टक्क्यांना रक्तक्षय आढळला होता, आणि त्यामागची कारणे बहुतांशी औषधे, लोहाची कमतरता आणि मंदावलेले मूत्रपिंड हीच असतात. तक्रार क्रमाबद्दल आहे. अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवते आहे की नाही, हे विचारण्याआधीच आपण उपचार सुरू करतो.

वरचेच आकडे पाहा. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. उत्पादन पूर्ण थांबले तर पाच आठवड्यांत साधारण तीन दशांश पेशी गळतात, म्हणजे 11 चे पावणेआठ-आठ होते. नुसते औषधाने मंदावलेले उत्पादन सहसा इतक्या सरळ रेषेत घसरत नाही. ही घसरण गिरणी बंद पडल्याची आहे. आणि रोगप्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णात ही गिरणी बंद पाडणारा ठळक संशयित म्हणजे पार्व्होव्हायरस बी19. तो पी अँटिजेनच्या आधारे तांबड्या पेशींच्या पूर्वपेशींत शिरतो आणि त्या नष्ट करतो. निरोगी माणसात प्रतिपिंडे काही दिवसांत त्याला आवरतात. टॅक्रोलिमस-मायकोफेनोलेटवरच्या रुग्णात ती वेळेवर येत नाहीत. सीएमव्हीसाठी दिलेले व्हॅलगॅनसायक्लोव्हिर त्यावर भरवशाचे नाही, आणि खास त्याच्यासाठी मान्यताप्राप्त औषध आजही नाही.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे: आजार क्वचितचा, मग प्रत्येक रक्तक्षयात पीसीआर कशाला? प्रत्येकात नकोच. दार रेटिक्युलोसाइटने उघडावे. ही स्वस्त तपासणी आहे, फक्त टक्केवारीवर भुलू नये. हिमोग्लोबिन 8 असताना एक टक्का हा 'नॉर्मल' छापून येतो, पण निरपेक्ष संख्या काढली की उत्पादन अपुरे दिसते. ती अगदी तळाला असेल तरच पीसीआर पाठवावा. प्रतिपिंडांवर विसंबू नये: 2006 मधील 98 प्रत्यारोपित रुग्णांच्या आढाव्यात चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांचे आयजीएम सुरुवातीला निगेटिव्ह होते. आयव्हीआयजी किंवा रक्त दिल्यानंतर आयजीजी पाहणे तर निरर्थकच, कारण ती प्रतिपिंडे दात्यांची असू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे. पार्व्होमध्येही दडपण कमीच करायचे, मग मायकोफेनोलेट आधीच घटवले तर बिघडले काय? बिघडते ते असे की निदानाविना घटवलेला डोस किती काळ घटवायचा, हे कुणालाच ठाऊक नसते, आणि नकाराची जोखीम तर चालूच राहते. व्हॅलगॅनसायक्लोव्हिर अर्धे करणे आणखी वाईट. अपुऱ्या डोसाने सीएमव्हीला प्रतिरोध शिकवला जातो. पिशवीमागे एचएलए प्रतिपिंडांचा धोका आहे, शिवाय हिमोग्लोबिन तात्पुरते वर गेल्याने मज्जेचा प्रश्न महिनाभर झाकला जातो, हेही नुकसानच.

अर्थात रेटिक्युलोसाइट खाली म्हणजे पार्व्होच, असेही नाही. मायकोफेनोलेट किंवा एरिथ्रोपोएटिनविरोधी प्रतिपिंडेही हेच चित्र उभे करू शकतात. पीसीआर किंचित पॉझिटिव्ह येणे हाही पुरावा नव्हे, कारण विषाणूचा डीएनए आजार मिटल्यावरही महिनोन्‌महिने सापडतो. आकडा आणि चित्र जुळत नसेल तर मज्जेची तपासणी टाळू नये. तिथे अतिविशाल प्रोनॉर्मोब्लास्ट दिसले की वाद संपतो.

उपचारात आयव्हीआयजी घाईने देऊ नये. किलोला एकूण 2 ग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने 60 किलोच्या रुग्णाला 120 ग्रॅम लागते, म्हणजे खर्च मोठा, आणि सुक्रोज असलेली उत्पादने नव्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. काही रुग्ण नुसते दडपण कमी करूनही सावरतात. आयव्हीआयजी दिल्यावर रेटिक्युलोसाइट वर आले म्हणून रुग्णाला मोकळे करू नये. पुनरावृत्ती होते, तेव्हा पुढचे काही महिने नियमित मोजणी हवी. दुसऱ्यांदा आयव्हीआयजी देण्याचा निर्णयही रेंगाळणाऱ्या पीसीआरवर न घेता रेटिक्युलोसाइट पुन्हा कोसळले की घ्यावा.