नदीच्या उताराने निघालेली नवरी

जपानच्या वाकायामा भागात की नदीकाठी एक जुना समज होता. नवरीने प्रवाहाच्या उलट दिशेला सासरी जाऊ नये. म्हणून कुदोयामाची हाना पाण्याच्या उताराने, नावेतून, मुसोताला नांदायला जाते. निघण्यापूर्वी आजी तिला जिसोनइन मंदिरात घेऊन जाते. कोयासान पर्वतावरच्या मठांत शेकडो वर्षे बायकांना मज्जाव होता, तेव्हा पायथ्याचे हे मंदिरच बायकांचे कोयासान झाले. बाळंतपण सुखरूप व्हावे, अंगावर दूध यावे, म्हणून इथे कापडाचे स्तन करून नवसाला वाहतात.

सावाको आरियोशी यांची १९५९ची ‘की नदी’ ही कादंबरी इथून सुरू होते आणि हाना, तिची लेक, तिची नात अशा तीन पिढ्यांमधून वाहत राहते. महायुद्ध येते, जमीनदारी जाते. पण हे सगळे वाचकाला दिसते ते माजघरातून.

आरियोशींचा जन्म १९३१ सालचा, वाकायामाचाच. वडील बँकेत असल्यामुळे बालपणाची काही वर्षे मात्र बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात गेली. मुलगी मायदेशी परतली तेव्हा आजोळची बोली, सणवार, घरातली मानपानाची उतरंड हे सारे तिला नवे होते. त्यांच्या लेखनाचे मर्म इथेच आहे. आपला मुलूख त्यांनी पाहुण्याच्या नजरेने पाहिला. जन्मभर त्याच मातीत राहणाऱ्याला जे विचारावेसेही वाटत नाही, ते त्यांनी विचारले. प्रादेशिक लेखन करायचे तर गावाबाहेर पडू नये, असे मानणाऱ्यांनी आरियोशी वाचाव्यात.

त्या सतत बाहेर पडल्या. १९५९मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेल्या आणि न्यूयॉर्कजवळच्या कॉलेजात शिकल्या. १९६८ साली मानववंशशास्त्रज्ञ मैत्रिणीला भेटायला न्यू गिनीच्या जंगलात पायपीट केली, पायांची दशा करून घेतली आणि त्यावर पुस्तक लिहिले. अखेरच्या वर्षांत त्या जपानची दूरदूरची बेटे पालथी घालत होत्या. तिथली मासेमारी कशी चालते, तरुण मुले का निघून जातात, हे समजून घेत होत्या. पण मधल्या काळात वाकायामाही सुटले नाही. अरिदा नदी आणि तिच्या काठच्या संत्र्यांच्या बागा, हिदाका नदी, या दोन्हींवर त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांची सर्वांत धारदार कादंबरी मात्र १९६६ची ‘हानाओका सेइशू यांची पत्नी’. सेइशू हे त्याच भागातले वैद्य. १८०४ साली त्यांनी एका साठीच्या बाईला गुंगीचे औषध पाजून तिच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया केली. बोस्टनमध्ये ईथरने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते १८४६ला, म्हणजे ४२ वर्षांनी. आणि त्या औषधातला मुख्य घटक कोणता? आपल्याकडे महादेवाला वाहतात तो धोतरा. सोबत बचनागाच्या कुळातले विषारी मूळ. मात्रा चुकली तर जीवच जायचा. जनावरांवर प्रयोग झाले, पण माणसावर करून पाहणे बाकी होते. त्यासाठी आई ओत्सुगी आणि बायको काए पुढे झाल्या, असे परंपरेने सांगितले जाते. काएची दृष्टी गेली.

आरियोशींनी या कथेतला त्याग नुसता ओवाळला नाही. दोघी एकमेकींशी कमालीच्या अदबीने बोलतात आणि त्याच अदबीने ‘आधी मला औषध द्या’ म्हणून भांडतात. कादंबरीत मुलगा आईला सौम्य मात्रा देतो, बायकोला कडक. आपल्याला सौम्य दिली, हे कळल्यावर सासूचा होणारा पाणउतारा विलक्षण लिहिला आहे. ही चुरस लेखिकेची कल्पना आहे. पण एका घराचे नाव व्हावे म्हणून दोन बायका देह पुढे करतात आणि घरातला पुरुष ते मुकाट्याने घेतो, हा प्रश्न कल्पनेतला नाही.

पुस्तके भरपूर खपतात म्हणून समीक्षकांनी आरियोशींना बराच काळ दुय्यम ठरवले. तो अन्यायच होता. १९७२मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याचे आणि त्याची उस्तवार करणाऱ्या सुनेचे घर रंगवले, तेव्हा ते पुस्तक दहा लाखांवर खपले आणि म्हाताऱ्यांची काळजी कुणी घ्यायची, याची चर्चा देशभर झाली. १९८४ साली, वयाच्या ५३व्या वर्षी त्या गेल्या. गंभीर विषय लाखोंच्या हाती देणे हे कमी प्रतीचे काम नव्हे.

जपानच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या बोधचिन्हात आज धोतऱ्याचे फूल आहे. वाकायामात सेइशूंचे घर आणि त्यांची वैद्यकशाळा जपून ठेवली आहे. जवळच कुटुंबाची थडगी आहेत. कादंबरी संपते ती तिथेच. सेइशूंचा दगड एवढा मोठा आहे की समोर उभे राहिले तर मागचे काए आणि ओत्सुगी यांचे दगड दिसतच नाहीत. जपानला निघालेल्या मराठी प्रवाशांनी टोकियो-क्योटोच्या बेतात एक दिवस वाकायामासाठी काढावा, ओसाकाहून रेल्वेने साधारण तासाभराची वाट आहे. तिथे गेलात तर त्या मोठ्या दगडाच्या मागेही जाऊन या.