मक्तेदारीच्या पटावरील शहर

मे महिन्याच्या सुट्टीत मराठी मध्यमवर्गीय घरांतून मुले 'व्यापार' नावाचा खेळ मांडून बसतात. जागा विकत घ्यायच्या, त्यांवर घरे आणि हॉटेले उभारायची आणि जो तेथे येईल त्याच्याकडून भाडे वसूल करायचे, एवढाच त्या खेळाचा नियम. अखेरीस एकाच्या हाती सारा पट जातो आणि उरलेले कफल्लक होतात. हा खेळ ज्या अमेरिकन 'मोनोपोली'च्या धर्तीवर बेतलेला आहे, तिच्या मूळ पटावरील रस्त्यांची नावे काल्पनिक नाहीत. ती न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरातून घेतलेली आहेत. पटावरील सर्वांत महाग जागा 'बोर्डवॉक' म्हणजे त्या शहराचा किनाऱ्यालगतचा लाकडी फळ्यांचा रस्ता होय.

या खेळाचा पूर्वेतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. एलिझाबेथ मॅगी या विदुषीने १९०४ मध्ये एका खेळाचे पेटंट मिळविले. हेन्री जॉर्ज यांच्या विचारांचा तिच्यावर प्रभाव होता. जमिनीचा खंड श्रमाविना मालकाला श्रीमंत करतो आणि इतरांना दरिद्री बनवितो, हे खेळातून लोकांना समजावून देणे हा तिचा हेतू होता. तो खेळ हातोहाती फिरत अटलांटिक सिटीत पोहोचला आणि तेथील रस्त्यांची नावे त्याला चिकटली. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने 'मोनोपोली' बाजारात आणली आणि मॅगीचे पेटंट अवघ्या ५०० डॉलरांना घेतले. मक्तेदारीचा धिक्कार करण्यासाठी जन्मलेला खेळ मक्तेदारीचा आनंद देणारा झाला. खेळाचे जे झाले, तेच पुढे ज्या शहराने त्याला रस्त्यांची नावे दिली त्याचेही झाले.

१८५४ मध्ये फिलाडेल्फियाकडून लोहमार्ग आला आणि एका ओसाड बेटावर हे शहर वसले. गाड्यांच्या डब्यांत आणि हॉटेलांच्या दालनांत वाळू येऊ नये म्हणून १८७० मध्ये पहिला बोर्डवॉक बांधण्यात आला. नगरपालिकेने केलेली ती साधी सोय होती. परंतु तिच्यावरच शहराची कीर्ती उभी राहिली. स्वस्त तिकिटाने एका दिवसाच्या सहलीला येणारा कारखान्यातील कामगार आणि आलिशान हॉटेलात उतरणारा धनिक हे दोघेही याच फळ्यांवरून चालत. या समतेला मर्यादा होत्या, हेही सांगितले पाहिजे. वेताच्या चाकखुर्च्यांतून श्रीमंतांना ढकलत नेणारे, हॉटेलांतून राबणारे हात बहुतांशी कृष्णवर्णीयांचे होते. आणि त्याच कृष्णवर्णीयांना समुद्रस्नानासाठी मिसुरी ॲव्हेन्यूजवळचा वेगळा तुकडा नेमून दिलेला होता. ज्यांच्या श्रमावर शहर चालले, त्यांना शहराच्या सुखात बरोबरीचा वाटा मिळाला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार आणि विमान यांमुळे प्रवासी दूरवर जाऊ लागले. १९३० मध्ये ६६ हजारांवर असलेली लोकवस्ती १९७० मध्ये ४८ हजारांच्या खाली आली. शहर सावरण्याचे अनेक मार्ग असू शकले असते; राज्यकर्त्यांनी त्यांतला सर्वांत सोपा निवडला. जुगाराला परवानगी देण्याचा प्रस्ताव १९७४ मध्ये मतदारांनी फेटाळला होता. १९७६ च्या सार्वमतात तो केवळ अटलांटिक सिटीपुरता, आणि कराचे उत्पन्न वृद्ध व अपंग यांच्यासाठी खर्च करण्याच्या आश्वासनासह पुन्हा मांडला गेला आणि संमत झाला. मे १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. नेवाडा राज्याबाहेरचा तो अमेरिकेतील पहिला कायदेशीर कॅसिनो होता. जुगाराच्या एकूण प्राप्तीवर आठ टक्के कर बसविण्यात आला.

या कराची गोम अशी की, त्यातून वृद्धांच्या औषधांना साहाय्य मिळू लागले खरे. परंतु बसगाड्या भरभरून जुगारगृहांत येणाऱ्या गिऱ्हाइकांत निवृत्त वृद्धांचाच भरणा मोठा होता. एका म्हाताऱ्याने यंत्रात टाकलेल्या नाण्यांचा एक लहानसा हिस्सा दुसऱ्या म्हाताऱ्याच्या औषधाला जावा आणि मोठा हिस्सा मालकाच्या तिजोरीत पडावा, याला कल्याणकारी अर्थव्यवहार म्हणणे ही शब्दांची विटंबना आहे.

आज बोर्डवॉकवर फिरणाऱ्या पाहुण्याला एका बाजूस अथांग समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कॅसिनोंचे मनोरे दिसतात. आत गेल्यावर खिडकी नाही, घड्याळ नाही. खाणे, झोपणे, करमणूक सारे एकाच छपराखाली. गिऱ्हाइकाने बाहेर पडू नये अशीच ही रचना आहे. त्यामुळे बाहेरच्या खाणावळींना आणि दुकानांना जुगाराच्या भरभराटीतून अपेक्षित धंदा कधी मिळाला नाही. दोनचार गल्ल्या आत शिरले की मोकळे भूखंड लागतात. कॅसिनो येणार म्हणताच जमिनीचे भाव भडकले, सट्टेबाजांनी घरे विकत घेऊन पाडली आणि भाडेकरू परागंदा झाले. एका वृद्ध विधवेचे घर मोटारींच्या तळासाठी सक्तीने संपादन करण्याचा प्रयत्न एका सरकारी प्राधिकरणाने केला. १९९८ मध्ये न्यायालयाने तो हाणून पाडला. वर्षानुवर्षे या शहरात रहिवाशांसाठी एकही मोठे किराणा-भाजीचे दुकान नव्हते, आणि सुमारे एकतृतीयांश लोक दारिद्र्यरेषेखाली राहिले.

कॅसिनोंनी रोजगार दिला नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. भरभराटीच्या काळात तेथे ४० हजारांहून अधिक लोक काम करीत. कामगार संघटनेने झगडून स्वयंपाकी, वाढपी, खोल्या झाडणाऱ्या स्त्रिया यांना आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन मिळवून दिले. परंतु हा रोजगार कशाच्या आधारावर उभा होता, हे पाहिले पाहिजे. तो शहराच्या उत्पादनशक्तीवर नव्हे, तर शासनाने दिलेल्या मक्त्यावर उभा होता. शेजारच्या राज्यांत जुगार निषिद्ध असेतोवर मक्त्याचा खंड मिळत राहिला. २००६ मध्ये प्राप्ती ५ अब्ज डॉलरांच्या वर गेली आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात कॅसिनो उघडू लागले. तेथून उतरण लागली. २०१४ या एका वर्षात बारापैकी चार कॅसिनो बंद पडले आणि सुमारे आठ हजार लोक बेकार झाले. २०१६ मध्ये राज्य सरकारने लोकनियुक्त नगर परिषदेचे महत्त्वाचे अधिकारही आपल्या हाती घेतले. २०१३ पासून ऑनलाइन जुगार कायदेशीर झाला आहे. त्यातून पैसा येतो, पण शहरात पाऊल ठेवणारा पाहुणा येत नाही.

कोसळण्याचा भार कोणी सोसला, याचे उत्तर ताजमहाल देतो. डोनाल्ड ट्रम्प यांनी १९९० मध्ये या नावाचा कॅसिनो १४ टक्के व्याजाच्या जोखमीच्या कर्जरोख्यांवर उभारला. पुढच्याच वर्षी तो दिवाळखोरीत गेला. कर्जाची पुनर्रचना झाली, धंदा चालू राहिला. २०१४ मध्ये कंपनी पुन्हा दिवाळखोरीत गेली तेव्हा ट्रम्प कारभारातून केव्हाच बाहेर पडले होते. न्यायालयाच्या संमतीने कामगारांशी केलेला सामुदायिक करार मात्र मोडण्यात आला आणि त्यांचा आरोग्यविमा व निवृत्तिवेतनाचा लाभ गेला. १ जुलै २०१६ रोजी कामगार संपावर गेले. नवे मालक कार्ल आयकान यांनी मागणी मान्य करण्याऐवजी १० ऑक्टोबरला कॅसिनोच बंद केला. सुमारे तीन हजार लोकांचे काम गेले. पटावर हरणारा पुन्हा डाव मांडू शकतो. कामगाराला ती सवलत नसते.

हा परक्या देशाचा इतिहास म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या १९७६ मध्ये न्यू जर्सीने कॅसिनोंना कौल दिला, त्याच वर्षी महाराष्ट्रातही कॅसिनोंचे नियंत्रण व करआकारणी यासंबंधीचा कायदा संमत झाला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला, ही समाधानाची गोष्ट आहे. गोव्यात मात्र मांडवीच्या पात्रात कॅसिनोंच्या बोटी उभ्या आहेत. तेथील सरकारने २०२० मध्ये गोमंतकीयांना खेळण्यासाठी कॅसिनोत प्रवेशबंदी जाहीर केली. आपल्या मुलाबाळांना जे अपायकारक, ते पाहुण्याच्या मुलाबाळांसाठी विकास कसे ठरते, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

महसूल आणि रोजगार या दोन शब्दांनी असले प्रस्ताव पुन्हा पुन्हा येतील. अशा वेळी केवळ नीतीचे प्रवचन पुरणार नाही. खंड कोणाच्या खिशात जाणार, जमिनीचे भाव कोणाला हुसकून लावणार आणि मक्ता संपल्यावर कामगाराच्या निवृत्तिवेतनाची हमी कोण देणार, हे तीन प्रश्न कार्यकर्त्यांनी प्रत्येक सभेत विचारले पाहिजेत. अटलांटिक सिटीत मनोरे उठले आणि सुरुंगाने पाडलेही गेले. टिकला तो फळ्यांचा रस्ता. त्यावर चालायला आणि पलीकडच्या वाळूवर बसायला आजही कोणास पैसे मोजावे लागत नाहीत. जे सर्वांचे होते, तेवढेच शहरापाशी उरले.