पहिल्या पानावरचा हमाल

ऑगस्टची दुसरी तारीख उजाडली की वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना एका वाढदिवसाची आठवण होते. हा वाढदिवस अमिताभ बच्चन यांचा; पण जन्माचा नव्हे, पुनर्जन्माचा. २६ जुलै १९८२ रोजी बंगळूर विद्यापीठाच्या आवारात 'कुली' या चित्रपटातील मारामारीचे चित्रीकरण चालू असता त्यांच्या पोटाला जबर इजा झाली, त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात आणले गेले, २ ऑगस्टला डॉक्टरांनी जवळजवळ आशा सोडली आणि त्यानंतर ते शुद्धीवर आले. २४ सप्टेंबरला ते घरी परतले. चित्रपटसृष्टीतील आख्यायिकांपैकी पुष्कळशा प्रचारखात्याच्या कारखान्यात तयार होतात. ही मात्र खरी घडलेली गोष्ट आहे. एक माणूस मरणाच्या दारातून परत आला, याचा आनंद कोणालाही व्हावा.

प्रश्न या आनंदाचा नाही. ज्या शहरातील रुग्णालयापुढे माणसांची रीघ लागली होती, त्याच शहरात त्या दिवशी सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांच्या संपाला साडेसहा महिने होऊन गेले होते. त्या संपाचा वाढदिवस कोणी साजरा करीत नाही. आणि पुण्यतिथी करावी म्हटले तर तारीख सापडत नाही, कारण तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

तो सुरू झाला मात्र ठरलेल्या तारखेला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील साठाच्या आसपास कापड गिरण्यांचे भोंगे थांबले. त्याच आठवड्यात महाराष्ट्राला बाबासाहेब भोसले यांच्या रूपाने नवा मुख्यमंत्री मिळाला. अंतुले यांचे सिमेंट प्रकरण नुकतेच गाजून गेले होते आणि वृत्तपत्रांना चघळायला बरेच काही उरले होते. संपाच्या मुळाशी १९८१ च्या दिवाळीतील बोनसचा तंटा होता, तुटपुंजे वेतन होते, वर्षानुवर्षे 'बदली' म्हणूनच राबणाऱ्यांचा प्रश्न होता. आणि सर्वांत मोठा अडसर होता तो १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा. त्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला एकमेव प्रातिनिधिक संघटनेचा मान दिलेला होता. कामगार कोणाच्या मागे उभे आहेत हे रस्त्यावर येणाऱ्या कोणालाही दिसत होते. कायद्याला मात्र ते दिसत नव्हते. दत्ता सामंतांशी बोलणी करायची नाहीत, हा पवित्रा मुंबई व दिल्ली या दोन्ही सरकारांनी धरून ठेवला. ऑगस्ट महिन्यात पंतप्रधान इंदिरा गांधी ब्रीच कँडीला आल्या. दोन कुटुंबांचा जुना स्नेह होता आणि आजाऱ्याची विचारपूस करणे यात गैर काहीच नाही. तेथून गिरणगाव मोटारीने फार दूर नाही, इतकेच येथे नमूद करायचे.

त्या ऑगस्टमध्ये बातम्यांचा तुटवडा होता असेही म्हणता येणार नाही. १८ तारखेला मुंबईच्या पोलिसांनीच बंड पुकारले. संघटनेची मान्यता काढून घेऊन नेत्यांना पहाटे अटक केल्याचे निमित्त झाले आणि शहरात दंगल उसळली. संपकरी कामगार रस्त्यावर आले, लष्कर बोलवावे लागले. कायदा राखणारे आणि कायद्याने नाकारलेले एकाच दिवशी रस्त्यावर उतरलेले या शहराने यापूर्वी क्वचितच पाहिले असेल. या साऱ्या धामधुमीत एक मजकूर मात्र नेमाने येत राहिला: नटाच्या प्रकृतीचे वार्तापत्र. रात्र कशी गेली, शुद्ध आहे की नाही, डॉक्टर काय म्हणतात, हे देशाला दररोज कळत होते. देश श्वास रोखून ते वाचत होता.

गिरणगावाच्या प्रकृतीचे असे वार्तापत्र निघाले नाही. किती चुली पेटल्या, किती घरांतील भांडी मोडीत गेली, किती बिऱ्हाडे सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आणि कोकणाकडे परतली, खाणावळ चालविणाऱ्या किती बायांनी उधारीवर जेवण घातले आणि ती उधारी कधीच वसूल झाली नाही, याची दैनिक नोंद ठेवण्याइतकी ती बातमी कोणाला ताजी वाटली नाही. उपासमारीची हीच अडचण असते. ती रोज तशीच असते. काल होती, आज आहे, उद्याही राहील. वार्ताहराला तर आजचे काहीतरी हवे असते.

येथवर आले की पुरोगामी टीकाकाराची लेखणी सहज पुढची पायरी उतरते आणि जनतेच्या अडाणीपणावर घसरते. संप चाललेला असताना लोक नटासाठी नवस बोलतात. काय ही मानसिक गुलामगिरी! हे वाक्य पक्षाच्या अभ्यासवर्गांतून पुष्कळदा उच्चारले गेले आहे आणि ते टाळ्याही घेते. परंतु ते तपासून घ्यायला हवे. प्रार्थना करणाऱ्यांत गिरणीकामगारांची घरे नव्हती असे मानायला काहीच आधार नाही. उलट, ज्या तिकीट खिडक्यांवर या नटाचे वैभव उभे राहिले, तेथल्या रांगांत कष्टकरी माणूसच अधिक होता. त्याने या नटावर प्रेम केले ते का?

पडद्यावर तो कोण होता, हे पाहिले तर उत्तर मिळते. 'दीवार'मध्ये (१९७५) तो गोदीत ओझी वाहणारा कामगार होता आणि त्याचा बाप संपाचा पुढारी, बायकामुलांच्या जिवाच्या धमकीने मोडून पडलेला. 'काला पत्थर'मध्ये (१९७९) तो कोळशाच्या खाणीत उतरला होता. त्या कथेला आधार होता चासनाळा येथील दुर्घटनेचा. २७ डिसेंबर १९७५ रोजी त्या खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. तेव्हा आणीबाणी होती आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसलेला होता. म्हणजे ज्या मृत्यूंवर त्या वेळी मोकळेपणी लिहिता आले नाही, त्यांची आठवण चार वर्षांनी एका धंदेवाईक चित्रपटाने, नाचगाण्यांसह का होईना, जागवली. 'कुली'चा नायक तर रेल्वे स्थानकावरचा हमाल. दंडावर ७८६ क्रमांकाचा बिल्ला, पुढे हमालांचा संप, आणि निवडणुकीच्या प्रसंगी हातांत चक्क विळा-हातोडा! डाव्या पक्षांना इतकी फुकट प्रसिद्धी त्याआधी आणि त्यानंतर कोणी दिलेली नसावी. या पडद्यावरच्या कामगाराचा राग खोटा असेल. तो पाहून थिएटरात बसलेल्याला आलेला राग खोटा नव्हता. आपल्यासारख्या एकाला कोणीतरी मध्यभागी उभे केले आहे, त्याच्या तोंडचे शब्द हजार माणसे ऐकत आहेत, हा अनुभव त्याला दुसरीकडे फारसा मिळत नव्हता. त्याने आजारी पडलेल्या नटासाठी हात जोडले तेव्हा तो आपल्या संपाला विसरला नव्हता. विसरली ती वृत्तपत्रे.

आणखीही एक गोष्ट याच संदर्भात घडली, आणि ती अधिक घातक होती. वृत्तपत्रांनी संपावर लिहिले नाही असे नव्हे. लिहिले, पण संपालाही त्यांनी चित्रपटाच्याच साच्यात बसवले. एक नायक किंवा एक खलनायक हवा होता, आणि घाटकोपरचे डॉक्टर त्यासाठी आयतेच सापडले. सामंत काय म्हणाले, सामंत कोणावर गरजले, सामंत हट्टी आहेत की धाडसी, याच्या चर्चा रंगल्या. बदली कामगार म्हणजे काय, प्रातिनिधिक संघटनेचे कलम नेमके काय सांगते, गिरणीमालकांनी नफा यंत्रांत न घालता कोठे वळवला, हे समजावून सांगण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. अडीच लाख माणसांचे छायाचित्र एका चौकटीत मावत नाही. एका माणसाचे मावते. शेवटी संप 'सामंतांचा' झाला, आणि तो फसला तेव्हा तोही सामंतांचाच फसला. मालक, कायदा, सरकार हे सगळे चौकटीबाहेरच राहिले. पक्षांच्या सभांतही व्यासपीठावर वक्ता कोण येणार हे विचारूनच गर्दी ठरते, तेव्हा या रोगाचे खापर केवळ वार्ताहरांवर फोडणे न्यायाचे होणार नाही.

खऱ्या हमालांचे त्या वर्षी काय चालले होते? माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांनी मार्च १९८२ मध्ये आत्महत्या केली. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झालेला होता. डोक्यावर व पाठीवर ओझे वाहणाऱ्या असंघटित माणसाला भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि नोंदणी मिळू शकते, हे त्या कायद्याने दाखवले. पुण्यात बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत हेच काम वेगळ्या वाटेने करीत आली. चित्रपटातील हमाल गुंडांना लोळवतो. पंचायतीतील हमालाने वाराईचे दर ठरवून घेतले आणि पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून झगडा केला. दुसऱ्या कामात मारामारीचा प्रसंग नसल्यामुळे त्याचा चित्रपट निघाला नाही.

१९८३ च्या अखेरीस 'कुली' पडद्यावर आला. मूळ कथेत नायक शेवटी मरणार होता. खरा नट वाचल्यावर पडद्यावरच्या हमालालाही जीवदान मिळाले. ज्या क्षणी ठोसा बसला त्या क्षणी चित्र थांबते आणि अक्षरे उमटतात: नटाला इजा झाली ती हीच जागा. थिएटरे भरून वाहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले होते. त्यातून किती जणांचे काम परत मिळाले आणि किती जणांचे कायमचे गेले, हे दाखवण्यासाठी कोठलेही चित्र थांबले नाही.

पुढचा प्रसंग कोणा पटकथाकाराने लिहिला असता तर योगायोग फार झाला म्हणून निर्मात्याने परत केला असता. डिसेंबर १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत अमिताभ बच्चन अलाहाबादमधून हेमवतीनंदन बहुगुणा यांना पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी पाडून निवडून आले; आणि सहानुभूतीच्या त्याच लाटेत, इंदिरा काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून, दत्ता सामंत दक्षिण-मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून निवडून आले. हरलेल्या संपातील कामगारांनी हरलेल्या नेत्याला दिल्लीला पाठवले. पडद्यावरचा कुली आणि गिरणीकामगारांचा डॉक्टर एकाच लोकसभेत बसले. पहिल्याने १९८७ मध्ये राजीनामा दिला. दुसऱ्याचा १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत खून झाला.

आज परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात चिमण्या उरल्या असतील तर त्या शोभेसाठी. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली. २००१ च्या दुरुस्तीने शहराच्या आणि घरांच्या वाट्याचा तुकडा केवळ मोकळ्या जागेपुरता आकसून टाकला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. त्या जागी मॉल आले, मद्यालये आली, आणि वृत्तवाहिन्यांची कार्यालयेही आली. नटनट्यांचे विवाह, घटस्फोट, विमानतळावरचे कपडे आणि त्यांच्या अपत्यांची नावे यांच्या बातम्या पूर्वी जेथे सूत निघत असे तेथे तयार होऊ लागल्या. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून चौदा माणसे मेली, तेव्हा त्याच आवारातील काही वाहिन्यांच्या कार्यालयांनाही झळ पोचली. त्या रात्री वाहिन्यांना बातमीसाठी दूर जावे लागले नाही.

बच्चन यांना पुन्हा एकदा रुग्णालयात जावे लागले ते जुलै २०२० मध्ये, कोरोनाने. पुन्हा दररोजची वार्तापत्रे आली, पुन्हा होमहवन झाले, आणि योग असा की ते घरी परतले ती तारीखही २ ऑगस्टच होती. त्याआधी तीन महिनेही झाले नव्हते. ८ मे रोजी जालन्याच्या पोलाद कारखान्यातून गावाकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रेल्वे रुळांवर थकून झोपले आणि मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र सर्वत्र छापले गेले. निदान एक दिवस तरी मजूर पहिल्या पानावर आला. त्या दिवसांत घरी जाऊ पाहणाऱ्या मजुरांसाठी बच्चन यांनी बसगाड्यांची सोय केली होती, हेही सांगायला हवे. सरकारला ते सुचण्यास बराच वेळ लागला.

गिरणीकामगारांच्या घरांची मोठी सोडत म्हाडाने २०१२ मध्ये काढली. घरे सुमारे सात हजार होती आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. त्यानंतरही काही सोडती निघाल्या. अर्जदारांपैकी अनेकजण आता हयात नाहीत. अर्जावर विधवेचे, मुलाचे किंवा नातवाचे नाव चढले आहे. सरकारने पुढे शेलू आणि वांगणी येथील घरे देऊ केली. ज्यांच्या बापांनी लालबाग-परळ वसवले, त्यांना कर्जत मार्गावरच्या त्या गावांकडे जाण्याचे निमंत्रण मिळाले. ९ जुलै २०२५ रोजी हे लोक मुंबईतच घर हवे म्हणून आझाद मैदानावर जमले. पाऊस-पाण्याचे दिवस, आलेल्यांत म्हाताऱ्या बायका पुष्कळ. संप सुरू झाला तेव्हा त्यांतल्या अनेकींच्या कडेवर मुले होती.