सोसू नका, सांगा!



आमच्या वस्तीतले एक काका नुकतेच इस्पितळातून घरी आले. पोटाचे ऑपरेशन झाले होते. सारी हयात हमालीत गेलेला माणूस. डॉक्टर रोज फेरीला येत, "कसं आहे?" म्हणून विचारत. काका हात जोडून म्हणत, "बरं आहे, साहेब." साहेब पुढच्या खाटेकडे वळत. रात्री मात्र हाच माणूस खाटेची दांडी घट्ट धरून पडून राही. टाके दुखतील म्हणून खोकलासुद्धा दाबून धरी. वहिनी म्हणत, "सिस्टरना सांगू का?" तर काका म्हणत, "नको. एवढ्या तेवढ्याला ओरडायला आपण काय लहान आहोत?"

तिसऱ्या दिवशी ताप चढला. छातीत कफ साठला होता.

त्या संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो होतो. पाळीवरच्या सिस्टर खाटेपाशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, अजिबात दुखत नाही म्हणजे शून्य, आणि याहून जास्त दुखूच शकत नाही म्हणजे दहा. तुमचं किती?" काका घुटमळले. मग हळूच म्हणाले, "पडून असलो तर चार. खोकलो की आठ." सिस्टरनी आकडे केसपेपरवर लिहिले, डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिले आणि अर्ध्या तासाने परत येऊन पुन्हा विचारले, "आता किती?" काका म्हणाले, "तीन." मग पोटाशी उशी घट्ट धरून खोकायचे कसे, ते त्यांनी शिकवले. तीन दिवसांच्या "बरं आहे"ने जे झाले नाही, ते एका आकड्याने झाले.

आम्ही हे सांगतो, कारण सोसण्याची सवय आपल्या घराघरांत आहे. बाई बाळंतपणाच्या कळा दात-ओठ खाऊन काढते. कामगार पाठ धरली तरी पाळी चुकवत नाही. ही सहनशक्ती पोटापाण्याच्या लढाईत कामाला आली असेल. पण रुग्णाच्या खाटेवर तीच घात करते. दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, हलत नाही. मग छातीत कफ साठतो, पायात रक्त गोठण्याचे भय वाढते, झोप उडते, अन्न जात नाही. वेदना कमी करणे ही चैन नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

दुसऱ्याचे दुखणे बाहेरून मोजता येत नाही. तापाला थर्मामीटर आहे, वेदनेला नाही. मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन परिचारिकेने 1968 सालीच सांगून ठेवले, की रुग्ण जे दुखणे सांगतो तेच खरे दुखणे. म्हणून "नाटक करतो" असे कुणी म्हणू नये. घरच्यांनी तर नाहीच.

सिस्टरना सांगताना पाच गोष्टी सांगाव्यात. कुठे दुखते? कसे दुखते – ठणकते, जळजळते, की कळ येते? केव्हापासून? कशाने वाढते आणि कशाने कमी होते? आणि दहापैकी किती? घरी रुग्ण असेल तर हेच एका वहीत वेळेसह लिहावे. औषध केव्हा दिले आणि तासाभराने आकडा किती झाला, तेही लिहावे. डॉक्टरांना ती वही शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगते.

ज्यांना बोलता येत नाही त्यांचे काय? तान्हे मूल, लकवा झालेले आजोबा, विसरभोळी झालेली आजी. बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही, असे नव्हे. कपाळावरच्या आठ्या, कण्हणे, एखादा अवयव हात न लावू देणे, जेवण टाकणे, उगाच चिडणे ही त्यांची भाषा आहे. ती रोज शेजारी बसणाऱ्यालाच कळते. लहान मुलांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे असतात. मूल बोट ठेवून दाखवते.

औषधाबरोबर साधे उपायही करावेत. कूस बदलावी, गुडघ्याखाली उशी द्यावी, विचारून शेक किंवा बर्फ द्यावा, हात धरून बसावे. मात्र दुकानातून मनाने गोळ्या आणून खाऊ नयेत. काही वेदनाशामक गोळ्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडावर ताण आणतात. छातीत एकाएकी दुखू लागले, किंवा जुने दुखणे अचानक वाढले, तर गोळीने दाबू नये; ताबडतोब इस्पितळ गाठावे.

शेवटची गोष्ट कॅन्सरच्या घरांसाठी. मॉर्फिनचे नाव काढले की लोक घाबरतात: "आता संपलं", नाहीतर "व्यसन लागेल". डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. सुरुवातीला थोडी गुंगी येते, बद्धकोष्ठ होतो; त्यासाठी जुलाबाचे औषध सोबत मागून घ्यावे. दुखणे वाढेपर्यंत थांबू नये, घड्याळ पाहून डोस द्यावा आणि मनाने एकदम बंद करू नये. आधी परिचारिका असलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडले. आपल्या मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती अवेदना सदन आहे. आपल्याकडे 1985 च्या कायद्यामुळे हे औषध मिळणे फार अवघड झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली. म्हणून "दुखणं कमी करणारा विभाग कुठे आहे?" असे डॉक्टरांना धीटपणे विचारा.

प्रत्येक वेदना शून्यावर येईलच असे नाही. पण झोप लागावी, श्वास भरून घेता यावा, दोन घास जावेत, इतकी ती नक्की उतरू शकते. ते मागणे म्हणजे तक्रार नव्हे.

काका आता अंगणात फेऱ्या मारतात. परवा आम्हाला पाहून हसले आणि आपणच म्हणाले, "आज एक!"