कार्यक्रम आपला, वेळही आपली

ज्या वेळी एखादा चांगला कार्यक्रम दूरचित्रवाणीवर लागतो, नेमक्या त्याच वेळी घरातील सर्व माणसे मोकळी असतात असे थोडेच आहे? कोणी रात्रपाळीवर गेलेला असतो, कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसलेली असते, तर कोणाची परीक्षा तोंडावर आलेली असते. असा कार्यक्रम यंत्रावर उतरवून ठेवावा व सवडीने पाहावा, ही गोष्ट आज आपणांस इतकी साधी वाटते की तीत कायद्याचा काही प्रश्न असेल हे मनातही येत नाही. परंतु याच सोयीसाठी अमेरिकेत सात वर्षांहून अधिक काळ न्यायालयीन झगडा चालला, आणि अखेर त्याचा निकाल केवळ एका मताच्या फरकाने लागला.

१९७५ साली सोनी कंपनीने ‘बीटामॅक्स’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यायोगे सामान्य कुटुंबास दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम फितीवर उतरवून घेता येऊ लागला. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल व वॉल्ट डिस्ने या चित्रपटसंस्थांनी सोनीवर दावा लावला. परवानगीवाचून आमच्या कृतीची नक्कल करणे हा स्वामित्वहक्काचा भंग होय, आणि असे यंत्र विकणारा त्या दोषाचा भागीदार होय, असे त्यांचे म्हणणे होते. १९७९ साली पहिल्या न्यायालयाने सोनीच्या बाजूने निर्णय दिला. १९८१ साली अपिलात तो फिरला. आणि १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीस निर्दोष ठरविले.

बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिला. जो कार्यक्रम प्रेक्षकास विनामूल्य पाहण्यास दिला आहे, तोच त्याने घरी थोड्या उशिराने पाहिला, तर तो न्याय्य वापर होय. त्यामुळे मालकाचे नुकसान होते हे सिद्ध झालेले नाही, असा त्याचा मथितार्थ. मुलांसाठी कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांची साक्षही न्यायालयाने विचारात घेतली. आपला कार्यक्रम कुटुंबांनी उतरवून घेऊन सोयीच्या वेळी पाहिला तर आपली मुळीच हरकत नाही, असे त्यांनी सांगितले होते. पुढे गंमत अशी झाली की, ज्या यंत्राची या संस्थांना धास्ती वाटत होती, त्याच यंत्रावर लावावयाच्या चित्रफिती विकून त्यांनी अमाप पैसा मिळविला.

आपल्या देशात याविषयी काय नियम आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ३९ वे कलम सांगते की, स्वतःच्या खासगी उपयोगाकरिता केलेल्या ध्वनिमुद्रणाने वा चित्रमुद्रणाने प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मधील खासगी उपयोगाची मुभाही विस्तृत झाली व तीत चित्रपटही आले. मात्र या सवलतीस उंबरठा आहे. घरासाठी घेतलेली प्रत विकली, तिकीट लावून दाखविली किंवा मोबाईलवरून शेकडो लोकांस पाठविली, की ती खासगी राहत नाही. कोणा लेखकाच्या, गायकाच्या व तंत्रज्ञाच्या श्रमाचे मोल तेथे बुडते.

हे जसे आपले कर्तव्य, तसा आपला हक्कही आपण जाणला पाहिजे. आज अनेक मोबाईल सेवांवर उतरवून घेतलेला कार्यक्रम ठराविक मुदतीनंतर आपोआप नाहीसा होतो. तो किती दिवस ठेवावयाचा हे पाहणारा ठरवीत नाही, कंपनी ठरविते. कायद्याने उघडे ठेवलेले दार यंत्राच्या कुलपाने हळूहळू बंद होत असेल, तर ग्राहकाने गप्प का बसावे? तेव्हा नवे यंत्र वा नवी सेवा घेताना किमतीबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्या : यावर कार्यक्रम उतरवून ठेवता येतो काय? आणि आम्ही वर्गणी थांबविली, तर उतरविलेले आमच्यापाशी राहील काय? उत्तर नीट मिळाल्यावाचून पैसे मोजण्याची घाई करू नये.