मुक्काम उठल्यावर

माझा भाचा पाच वर्षांपासून अमेरिकेत, डेन्व्हर शहराजवळ नोकरीला आहे. यंदा फेब्रुवारीत तो महिनाभराच्या सुट्टीवर आला आणि दुसऱ्याच दिवशी जेवताना मोबाइलवरचे फोटो दाखवू लागला. पाइनचं दाट जंगल, मधे एक छोटा तंबू आणि समोर दगडांच्या रिंगणात पेटवलेला विस्तव.

"आत्या, इथं खोली नाही, नळ नाही, संडास नाही, लाइट नाही. बुकिंग नाही आणि पैसेही नाहीत. शहरापासून दीड-दोन तासांवर सरकारी जंगल आहे. गाडी कडेला लावायची, जागा बघायची आणि राहायचं. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात."

आई शेजारी दुधात भाकरी चुरत बसली होती. तिनं चष्मा सावरून फोटो पाहिला आणि म्हणाली, "दगडाची चूल आणि उघड्यावर निजणं. बासरला जाताना आम्ही हेच करत होतो की. त्याला एवढं मोठं नाव कशाला?"

आम्ही सगळे हसलो. आईचं माहेर हुमनाबादकडचं कन्नड घर आणि सासर देगलूरकडचं मराठी. दोन्ही घरांत तिनं आयुष्यभर हा एकच शब्द वापरला, मुक्काम. कन्नडात मुक्काम, तेलुगूत मकाम. आपल्या तिन्ही भाषांत तो रुळलेला आहे, आणि त्यात कधी लॉज धरलेला नव्हता.

बासरची ओळख आपल्या वाचकांना करून द्यायला नको. गोदाकाठची ज्ञानसरस्वती, वसंत पंचमीची गर्दी आणि पाटीवर तांदळात गिरवलेलं पहिलं अक्षर. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेलं हे गाव २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेलं, पण आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आदिलाबादच आहे. माझ्या थोरल्या भावाचा अक्षराभ्यास १९७६ साली तिथंच झाला. गावातून चार बैलगाड्या निघाल्या होत्या. देगलूर, बिलोली, कुंडलवाडी, धर्माबाद असं करत वाटेत तीन मुक्काम पडले. सोबत धपाटे, दशम्या, शेंगाचटणी. आई त्याला अजून बुत्तीच म्हणते. अंगावर घ्यायला वाकळ, म्हणजे तिची कौदी.

त्या प्रवासातल्या माझ्या आजीच्या शिस्तीविषयी आईनं त्या दिवशी सांगितलं. झाडाच्या मुळाशी चूल मांडायची नाही. भांडी विहिरीपासून लांब नेऊन घासायची. निघताना चुलीवर पाणी ओतायचं, राख पसरायची आणि दगड परत बांधावर ठेवायचे. उरलेल्या काटक्या झाडाखाली रचून ठेवायच्या, कारण मागून दुसरी गाडी येत असते. बैलांचं शेणसुद्धा गोळा करून कडेला टाकलेलं.

माझी धाकटी लेक ऐकता ऐकता म्हणाली, "अज्जी, किती मजा येत असेल ना?"

"मजा पुरुषांची," आई म्हणाली. "आम्ही बायका दुपारनंतर पाणीच पीत नव्हतो. रात्री उठायला लागू नये म्हणून. पहाटे उजाडायच्या आत चौघीजणी मिळून लांब शेतात जायचो, हातात खुरपं. खड्डा करायचा आणि वर माती ओढायची."

जुन्या दिवसांचं कौतुक करताना ही गोष्ट आपण बहुधा गाळतो. खुरप्याचं ऐकून भाचा मात्र सावरून बसला. अमेरिकेतल्या जंगलातही नेमका हाच नियम आहे म्हणाला. झऱ्यापासून दोनशे फूट दूर जायचं, सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा, नंतर माती लोटायची. शक्यतो आधी कुणी मुक्काम केलेल्या जागीच उतरायचं, म्हणजे नवं गवत तुडवलं जात नाही. बहुतेक जंगलांत एका वेळी चौदा दिवसांच्या वर राहता येत नाही. खाण्याचं सामान अस्वलाला वास लागणार नाही असं बंद ठेवायचं. आणलेला सगळा कचरा परत न्यायचा. आणि विस्तव विझवताना पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं, शेवटी हात लावून पाहायचं. हाताला चटका बसला तर अजून विझलेला नाही.

हा शेवटचा नियम का, त्याची हकिगतही त्यानं सांगितली. डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला पाइक नावाचं राष्ट्रीय जंगल आहे. ८ जून २००२ रोजी तिथं वणवा लागला. उन्हाळा कोरडा होता आणि विस्तव पेटवायला बंदी होती. आग लावली वनखात्यातल्याच एका महिला कर्मचाऱ्यानं. बंदी कुणी मोडत नाही ना, हे बघत फिरण्याचं काम जिच्याकडे होतं तिनंच. हेमन वणवा म्हणून तो नोंदला गेला. सुमारे १ लाख ३८ हजार एकर जंगल जळलं, शंभराहून अधिक घरं गेली, आणि त्या बाईला तुरुंगवास झाला. कॉलरॅडो राज्याच्या इतिहासात २०२० पर्यंत याहून मोठा वणवा नव्हता.

हे ऐकल्यावर त्यानं मूळ प्रस्ताव मांडला. "आत्या, आपल्या आदिलाबादच्या जंगलात एक रात्र राहू या. आज्जीला पण नेऊ."

मी कॉलेजात शिकवते, त्यामुळे आधी कायदा पाहायची खोड. आपल्या सीमाभागात तीन राज्यं आणि तीन वनकायदे. महाराष्ट्रात १९२७ चा भारतीय वन कायदा, कर्नाटकात १९६३ चा आणि तेलंगणात आंध्र प्रदेशच्या काळातला १९६७ चा. तिन्हींचा आशय सारखाच: राखीव जंगलात बिनपरवाना शिरणं आणि विस्तव पेटवणं हा गुन्हा. त्यावर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही, आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवता किंवा जळती सोडता येत नाही. जन्नारमकडचं कवाल २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं तंबू ठोकून राहण्याचा विचारही नको.

भाचा हिरमुसला. "तिथे सरकार विश्वास ठेवतं, इथे ठेवत नाही," म्हणाला. मला ते पूर्ण पटलं नाही. अमेरिकेत १५४ राष्ट्रीय जंगलं आहेत, मिळून सुमारे १९ कोटी एकर. आपल्याकडे उरलेलं जंगल थोडं, त्यातच वाघ, आणि त्यातच पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं. शहरातली चार माणसं रविवारी हौसेनं चूल पेटवणार आणि वणवा लागला तर मोह नि तेंदू जळणार तो तिथल्या गोंड-कोलामांचा. आणि तिकडचा मोकळेपणाही आता पूर्वीसारखा राहिला नाही. शहराजवळच्या काही जंगलांत लोक फार येऊ लागले, घाण वाढली, म्हणून आखून दिलेल्या जागीच उतरावं लागतं, हे त्यानंच कबूल केलं.

शिवाय आपल्याकडे उघड्यावरचा मुक्काम संपलाय असंही नाही. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. पुष्य अमावास्येच्या आधी मेसराम कुळातले गोंड अनवाणी चालत गोदावरीवर हस्तिनामडुगूला जातात, झारीत पाणी भरून आणतात आणि देवळात जाण्याआधी वडाच्या झाडांखाली मुक्काम करतात. ते वड त्यांच्या लेखी देवाइतकेच. मुक्काम कुठं, चूल कुणी पेटवायची, सगळं ठरलेलं. तिथं पाटी लावावी लागत नाही.

शेवटी जंगल सोडून दिलं आणि आम्ही बासरला जायचं ठरवलं. आई, मी, लेक आणि भाचा. फेब्रुवारीची २८ तारीख होती. दर्शन झालं, देवळाजवळच सगळ्यांनी हातपाय धुऊन घेतले. यावेळी आईनं दुपारनंतरही पाणी प्यायलं, हे मी मुद्दाम पाहिलं. संध्याकाळी गावापासून बरंच वर नदीकाठानं गेलो. श्रीरामसागरचं पाणी मागे सरलेलं आणि स्वच्छ वाळू उघडी पडलेली. भाच्यानं तिथंच तंबू लावला.

अंधार पडता पडता जाळं खांद्यावर टाकून एक म्हातारा कोळी जवळून चालला होता. तो थांबला. "रेपु नीळ्ळु वस्ताय," म्हणाला. उद्या पाणी येणार. आईला 'नीळ्ळु' लगेच कळलं, कन्नडात नीरु. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे दर १ मार्चला त्यातून ०.६ टीएमसी, म्हणजे ६० कोटी घनफूट पाणी तेलंगणासाठी खाली सोडावं लागतं. बाभळीच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचत आलेय, वर्गात त्यावर बोललेही आहे. पण वाळूत अंथरूण टाकताना त्यातलं काही आठवलं नाही. पाणी आमच्यापर्यंत किती चढलं असतं कोण जाणे, पण शहात्तर वर्षांच्या बाईला घेऊन ते बघत बसायचं नव्हतं.

त्याच कोळ्यानं आम्हाला वर एका शेतकऱ्याकडे नेलं. घर मराठी बोलणारं निघालं. चिंचेखाली झोपा म्हणाले, रात्री गरज पडली तर घरामागे संडास आहे. चिंचेपासून वीस-पंचवीस पावलांवर ज्वारीच्या कडब्याची गंजी होती. तीन दगड मांडून आम्ही पिठलं केलं. आई लेकीला १९७६ ची चिंच कुठं होती ते सांगत होती, आणि ती तिथून कितीतरी लांब होती. वाकळ ओढून झोपलो. मला वाटलं होतं आईचे गुडघे रात्रभर दुखतील. ती आमच्या आधी घोरायला लागली.

सकाळी सहा वाजता आवराआवर झाली. चहाही झाला होता. भाच्यानं चुलीवर एक तांब्या पाणी ओतलं, वाफ निघाली, आणि तो तंबू गुंडाळायला गेला. चहाच्या दुधाची पिशवी, बिस्किटाचे कागद चिंचेच्या बुंध्याशी पडले होते. लेकीनं विचारलं, "हे कुठे टाकू?" मी म्हणाले, "राहू दे तिथंच, ते लोक झाडतील तेव्हा जाईल."

आई काठी टेकत चुलीपाशी आली. खाली वाकून तिनं राखेवर तळहात धरला आणि झटकन मागे घेतला.

"बेंकी इन्ना आरिल्ला," ती म्हणाली. विस्तव अजून विझला नाही.

"आज्जी, पाणी ओतलंय मी," भाचा म्हणाला.

"कै हच्चि नोडु." हात लावून बघ.

त्यानं हात लावला. वारा सुटायला लागला होता आणि तो गंजीच्या दिशेनंच होता. वर्षभराचा वैरणपाणी त्या गंजीत होता. त्या घरी दोन बैल आणि एक म्हैस मी रात्री पाहिली होती.

भाच्यानं काही उत्तर दिलं नाही. बादली भरून आणली, ओतली, काठीनं ढवळलं, पुन्हा एक बादली ओतली. मग गुडघ्यावर बसून राखेत बोटं घालून पाहिलं. दगड उचलून बांधावर नेऊन ठेवले. हा नियम त्यानंच मला पंधरा दिवसांपूर्वी शिकवला होता. परतीच्या वाटेवर गाडीत तो स्वतःहून म्हणाला, "आत्या, तिकडे मी दर वेळी हात लावून बघतो. इथं डोक्यातच आलं नाही. आपल्या गावाकडे आलोय, असं वाटलं." त्याला काय बोलणार? मी तर आपल्याच गावाकडची. दुधाची पिशवी बुंध्याशी टाकणारी मीच.

वाचकहो, परीक्षा संपल्या की पुष्कळ घरांतून अशा मुक्कामाचे बेत निघतील. हैदराबादेहून, नांदेडहून तरुण मुलं तंबू घेऊन येतातच. राखीव जंगलात नको. नदीच्या पात्रात नको, वरच्या बंधाऱ्याचं पाणी कधी सुटतं ते विचारल्याशिवाय तर नाहीच. ज्याचं शेत त्याला विचारून उतरा. घरातल्या बायकांची सोय आधी बघा, मग जागा ठरवा. आणि निघताना राखेला हात लावा. कायदा, वनरक्षक, पाटी यातलं काहीही त्या चिंचेखाली नव्हतं. होती ती एक म्हातारी, आणि ती दर वेळी बरोबर असेलच असं नाही.

चिंचेच्या बुंध्याशी पडलेलं मी उचलून पिशवीत भरलं. तेवढ्यात शेतकरी गंजीवरून पेंढी काढायला आला. ओल्या राखेकडे त्याचं लक्षही गेलं नाही. "रात्री थंडी नाही ना वाजली?" त्यानं विचारलं. आईनं नाही म्हणून मान हलवली.

"पुढच्या वर्षी पंचमीला या मग," तो म्हणाला. "जागा तुमचीच आहे."