सरकारी काम अन् किती महिने थांब?

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण आपण सगळेच हसत हसत वापरतो. स्कॉलरशिप अडकली, निकाल लांबला, डिपॉझिट परत मिळेना, की कुणीतरी ही म्हण फेकतो अन् विषय संपतो. पण मित्रांनो, ज्याच्या घरचं औषधपाणीच त्या कामावर अडलंय, त्याला ‘सहा महिने थांब’ म्हणणं हा विनोद राहत नाही. मी बोलतेय ते दिव्यांगांना मिळणाऱ्या सरकारी मदतीबद्दल, आणि ती मंजूर व्हायला लागणाऱ्या वेळेबद्दल.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ‘निराधार’, ‘अनुदान’, ‘रहिवासी दाखला’ हे शब्द मी पहिल्यांदा नीट वाचले ते मेसमधल्या मावशींनी आणलेल्या फॉर्मवर. त्यांच्या भाच्याला सिकलसेल आहे. तो गावी राहतो, आईवडील शेतमजूर. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखणं उठतं. बाहेरून पाहिलं तर मुलगा धडधाकट दिसतो. म्हणूनच या आजाराला दिव्यांगत्व मानायला देशाला खूप वर्षं लागली.

१९९५ च्या अपंग कायद्यात फक्त ७ प्रकार होते, त्यात सिकलसेल नव्हता. आपल्या नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांसाठी आयुष्यभर लढा दिला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला तेव्हा यादी २१ प्रकारांची झाली आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले. रामटेके २०१७ मध्ये गेले, २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. म्हणजे कायद्याचं दार उघडलं. पण दारातली रांग?

ती रांग कशी असते ते सांगते. आधी यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज. मग सरकारी रुग्णालयाची तारीख, रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांची तपासणी, टक्केवारी. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. ते मिळाले की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. त्याला उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधारला जोडलेलं बँक खातं. मग तहसील कार्यालय, आणि शेवटी समितीची बैठक. मावशींच्या भाच्याचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत अर्धं वर्ष गेलं. तोवर ३१ मार्च उलटला आणि आधी काढून ठेवलेला उत्पन्नाचा दाखला बाद झाला. तो नवीन काढला, तर उत्तर मिळालं, “मीटिंग झाली नाही अजून, पुढच्या महिन्यात या.” प्रत्येक ‘पुढच्या महिन्यात या’ची किंमत म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी अन् दोघांचं एसटीचं भाडं. मावशी मला विचारतात, “इतका वेळ काहून लागते व बाई?” मला सरळ उत्तर देता आलं नाही, म्हणून मी नियम वाचायला घेतले.

नियम वाचून तर मी चाटच पडले! २०१७ च्या केंद्राच्या नियमांत अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात प्रमाणपत्र द्यायचं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीत ही मुदत तीन महिने झाली. त्याच दुरुस्तीत असंही आलं की, दोन वर्षांहून जास्त काळ निर्णयाविना पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होईल आणि अर्जदाराने पुन्हा अर्ज करावा किंवा तो सुरू करून घ्यावा. म्हणजे कार्यालयाला उशीर झाला तर त्याला मुदतवाढ, आणि अर्जदाराला उशीर सोसावा लागला तर पुन्हा पहिल्या पायरीवर. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे : उशिराची किंमत आज ज्याने उशीर केला तो देत नाही, ज्याने सोसला तो देतो. हे उलटं व्हायला हवं.

कुणी म्हणेल, “खोटी प्रमाणपत्रं किती निघतात, तपासायला वेळ तर लागणारच!” मान्य. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला, तो आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. तपासणी कडक हवीच. पण तपासणी वेगळी अन् ताटकळणं वेगळं. फाईल टेबलावर तीन महिने पडून राहिली म्हणून ती जास्त तपासली जात नाही. आणि खोटं काम करणाऱ्याकडे ओळख अन् पैसा असतो, तो रांगेत थांबतच नाही. थांबतो तो खरा.

आपण इंजिनिअरिंगवाले आहोत, तर आपल्या भाषेत बोलू. ही सगळी कामं सिरीजमध्ये जोडलेली आहेत, एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. त्यात प्रत्येक कागदाची वैधता वेगळी, म्हणून शेवटचा येईपर्यंत पहिला बाद. उत्पन्न अन् रहिवासाची पडताळणी वैद्यकीय तपासणीच्या बरोबरीने, पॅरलल चालवायला काय हरकत आहे? आणि एकदा अर्ज स्वीकारला, की त्या दिवशी वैध असलेला कागद निकालापर्यंत वैध धरावा. याला नवीन मशीन लागत नाही, एक शासन निर्णय लागतो.

दुसरी मागणी पैशाची. ब्रिटनमध्येही दिव्यांग भत्त्याच्या निर्णयाला महिनोन्‌महिने लागतात, तिथेही लोक वैतागलेले असतात. पण मंजुरी मिळाली की तिथला ‘पिप’ नावाचा भत्ता साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मोजून देतात. आपल्याकडेही प्रत्येक दिव्यांग योजनेत हेच सूत्र हवं. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला, २०२५ मध्ये निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम दीड हजारावरून अडीच हजारावर नेण्याचा निर्णय घेतला. चांगलंच केलं. पण वाढलेली रक्कम मंजुरी मिळालेल्याच्या खात्यात जाते. रांगेतल्याला दीड हजार काय अन् अडीच हजार काय, दोन्ही शून्यच!

आता आपलं काय? आपल्याकडे लॅपटॉप आहे, नेट आहे, स्कॅनर आहे आणि इंग्रजी फॉर्म वाचता येतो. ज्याला हे नाही, तो एका चुकीच्या स्पेलिंगपायी दोन फेऱ्या जास्त मारतो. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर दर वर्षी होतं. रस्ते झाडणं, भिंती रंगवणं हे करूच, पण त्यातले दोन दिवस फक्त यूडीआयडीचे अर्ज भरायला ठेवू या. प्रत्येक अर्जाची पोच अन् तारीख वहीत लिहू, आणि मुदत उलटली की माहितीच्या अधिकारात विचारू, की फाईल कुठे आहे. प्रोग्राम ऑफिसर सरांना माझी जाहीर विनंती आहे, की यंदाच्या कार्यक्रमात हे घ्यावं. सीनियर्सपैकी कुणी आधी असे अर्ज भरले असतील तर त्यांनी आम्हाला शिकवावं. मेसच्या नोटीस बोर्डावर नावांचा कागद लावते आहे. पहिलं नाव माझं.